रिकाम्या कॅरिअरचा भोंगा

मखमलाबादच्या मळ्यात राहणाऱ्या भारतला कुणी धंदा विचारला की तो "शेती" म्हणून मोकळा व्हायचा, आणि त्याची बायको शुभांगी जवळ असली तर ती हसू दाबायला तोंडाला पदर लावायची. शेवंती आणि निशिगंध लावायचा थोरला भाऊ, खुरपायच्या नि तोडायच्या बायका, आणि कुठल्या वाफ्याला कधी पाणी द्यायचं ते ठरवायची आई, नवसाबाई. भारत शेतात शिरायचा तो गाडी वळवून घेण्यापुरता. घराने त्याच्या हातात एकदा स्टेअरिंग दिलं ते दिलंच. त्या हातांना दुसरं काही करावंसं वाटतं का, हे पुढे कुणी विचारलं नाही.

थोरल्याचं नाव लहानू. जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता म्हणून ठेवलेलं. पुढे अंगाने भरला, मिशा आल्या, वडील गेल्यावर घराचा कारभारी झाला, तरी नाव काही वाढलं नाही. सुमो घ्यायची हौस त्याचीच. सत्त्याण्णव साली कुणा कंत्राटदाराची वापरलेली पांढरी सुमो दारात आली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि त्याच आठवड्यात लहानूने ती स्वतः चालवायला घेऊन थेट पाटात घातली. बैलजोडी लावून ती बाहेर ओढली तेव्हा अर्धं गाव काठावर उभं होतं. अंगावरचा चिखल झटकत लहानू म्हणाला, "गाडी चालवणं हे काय कारभारी माणसाचं काम नाय." त्यानंतर त्याने स्टेअरिंगला बोट लावलं नाही. भारत तेव्हा सातपूरच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून घरी बसलेला. काम मिळेपर्यंत गाडी त्याने सांभाळावी असं ठरलं. आपल्याकडे 'तेवढ्यापुरत्या' म्हणून ठरलेल्या गोष्टी जन्माला पुरतात.

टपावरचं कॅरिअर हीही लहानूचीच करामत. बाजारात तयार मिळतं ते त्याला किडकिडीत वाटलं. फुलांचे क्रेट, भाजीच्या गोण्या, लग्नातलं कपाट, सगळं वर चढलं पाहिजे म्हणून त्याने ओळखीच्या वेल्डरकडून पाण्याच्या जाड पाइपांचं कॅरिअर बनवून घेतलं आणि कुणी काढून नेऊ नये म्हणून ते टपाच्या कडेला वेल्ड करूनच टाकलं. पाइपांची तोंडं बंद करायचं काही त्याला सुचलं नाही. गाडी गावात असेपर्यंत ठीक. हमरस्त्याला लागून काटा साठाच्या वर गेला की पुढचा आडवा पाइप घुमायला लागायचा. आधी बारीक शीळ, मग तिच्याखालून घूंऽऽ असा जाड आवाज, आणि मग दोन्ही मिळून असा कल्ला, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. त्यातही गंमत अशी की वर माल बांधलेला असला की गाडी मुकाट चालायची. बोंब ठोकायची ती रिकामी असतानाच. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते कॅरिअरलाही लागू असावं.

घराला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की गाडीचं दार लागलं की आपोआप सगळ्यांचा आवाज चढायचा. मागची माणसं आपसांत ओरडून बोलायची आणि ते पुढे भारतपर्यंत पोचायचं नाही. त्याला काही सांगायचं असलं की नवसाबाई त्याच्या सीटच्या पाठीवर थाप मारायची. मधल्या सीटवर घरातले सगळे निर्णय व्हायचे आणि भारतला ते घरी गेल्यावर कळायचे.

आणि गाडी तरी घरापुरती कुठे होती! नाशिकला रामकुंड असल्याचा साऱ्या नाशिककरांना अभिमान आहे, भारतला नव्हता. भाऊकीत किंवा सोयऱ्यांत कुठेही कुणी गेलं की अस्थी इथेच यायच्या, आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं स्टँडवरून रामकुंडावर न् तिथून मळ्यात जेवायला भारतनेच आणायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचा वणीच्या गडाचा नवस, कुणाची मुलगी बघायला जायची, की हाक भारतला. लग्नात अक्षता पडायच्या तेव्हा तो मांडवात नसायचा, गाडी सावलीत लावायला गेलेला असायचा. पंगतीला बसायचा तोवर जिलबी संपलेली असायची. दसऱ्याला नवसाबाई घरच्या झेंडूचा हार कॅरिअरला बांधायची, गाडीला ओवाळायची आणि मग उरलेल्या हळदकुंकवाचं बोट भारतच्या कपाळाला टेकवायची. तो हसून घ्यायचा. पण त्या दिवशी घाण्याच्या बैलाला झूल घातल्यासारखं त्याला वाटायचं, आणि हे सांगायचं कुणाला हे कळायचं नाही.

त्याला जायचं होतं इंदिरानगरला. आयटीआयमधला त्याचा दोस्त कुंदन याने तिथे गॅरेज टाकलं होतं, पुढे काम करायची जागा आणि मागे दोन खोल्या. कुंदनची जीभ चालायची, भारतचे हात. "गिऱ्हाईक मी बघतो, इंजिनं तू बघ, निम्मं तुझं," असं कुंदन कधीपासून म्हणत होता. मागच्या खोल्याही तो भारतला द्यायला तयार होता. मुलगी वेदिका शाळेत जायला लागली होती आणि शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. दिवसभर एका जागी उभं राहून, आपल्या मनाने एखादं इंजिन उघडावं आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जावं, यापलीकडे भारतचं काही मागणं नव्हतं.

घरात कुणी कधी नाही म्हणालं नाही. तिथेच तर मेख होती. नाही म्हटलं असतं तर माणूस भांडला असता. "जा की, पण श्रावण होऊ दे," असं म्हणायचे. श्रावणात फुलांना उठाव. श्रावण संपला की गणपती, गणपती गेले की नवरात्र, मग दसरा, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नाचे हार. फुलवाल्याच्या पंचांगात मोकळा महिना नसतो. त्यात दोन हजार तीनला कुंभमेळा आला. मग तर बोलायची सोयच उरली नाही. मेळा आटोपला आणि लहानूच्या मुलीचं, मंजुषाचं लग्न जमलं. तेव्हा मात्र भारतने धीर करून आईपाशी विषय काढला. नवसाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंजीचं लगीन होऊ दे, मंग जा बाबा. मी कशाला आडवू? शब्द देते तुला."

आईने शब्द दिला म्हणजे झालं. भारतने त्याच दिवशी कुंदनला निरोप धाडला, माघात लग्न आटोपेपर्यंत थांब.

साखरपुड्याला सिन्नरचे व्याही एकदा सुमोत बसले. नाशिक सोडलं आणि कॅरिअरने सूर लावला. व्याही दिलदार हसले. "काय हो कारभारी, टपावर मिलचा भोंगा बसवलाय का? पाळी सुटली वाटतं!" लहानूही तोंडदेखलं हसला, पण घरी आल्यावर त्याने भारतला फैलावर घेतलं. "लग्नाच्या आत हा आवाज बंद झाला पायजे. चारचौघात शोभा झाली आपली. तू मेकॅनिक ना? मंग!"

कॅरिअर कापून काढायचं म्हणताच तो अंगावर आला. लग्नाचा बस्ता आणि भांडी काय डोक्यावर आणायची? तेव्हा कॅरिअर ठेवूनच काय ते करायचं होतं. भारतने आधी पाइपांच्या उघड्या तोंडांत जुन्या टायरच्या रबराची बुचं ठोकून बसवली. शीळ गेली, घूं राहिला. तो कसा घालवावा हे काही केल्या समजेना. एकदा फुलबाजारातून परतताना क्रेट बांधायची रस्सी सोडायचा त्याला कंटाळा आला, तशीच ती पुढच्या पाइपाभोवती गुंडाळून तो निघाला, आणि दिंडोरी रोडला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आज गाडी रिकामी असूनही फारशी बोंबलत नाहीये. म्हणजे भरल्या गाडीला गप्प बसवायची ती मालाबरोबर ही रस्सीसुद्धा. वाऱ्याला पाइपाची गुळगुळीत पाठ सापडली नाही की तो घुमत नसावा. दुसऱ्या दिवशी त्याने नवी नायलॉनची रस्सी आणली. शुभांगीने एक टोक ताणून धरलं आणि त्याने झाडावर वेल चढतो तसे मोकळे वेढे देत पुढचा अख्खा पाइप गुंडाळून काढला.

आवाज बघायला म्हणून तो शुभांगीला शेजारी बसवून हमरस्त्यावर घेऊन गेला. काटा साठावर गेला, सत्तरला टेकला. इंजिनाची घरघर तेवढी होती, वरून काही नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण धावत्या गाडीत नवऱ्याशी हळू आवाजात बोलायची तिची ही पहिली वेळ.

"अहो," ती म्हणाली, "त्या मागच्या खोलीला खिडकी आहे ना?"

"दोन आहेत."

"मग एकीत मी तुळस ठेवीन. आणि खरंच सोडतील ना हो आपल्याला?"

"आईने शब्द दिलाय," भारत म्हणाला. तेवढ्यावर ती निर्धास्त झाली आणि येताना वाटभर खोल्या लावत बसली, कुठे ओटा, कुठे वेदिकाचं दप्तर. भारत ऐकत होता. असं सुख त्याला त्या गाडीत कधी मिळालं नव्हतं.

पौषात सगळे मंजुषाची पैठणी घ्यायला येवल्याला गेले. शुभांगी फुलं तोडायला घरी थांबली. जाताना चांदोरीपासून पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, त्यामुळे गाडी रखडतच गेली आणि बोलण्यासारखा विषयही पैठणीच होता. विणकराच्या घरी नवसाबाईने जर बोटांनी चोळून पाहिली, पदर उलटा करून पाहिला, तीनदा उठून दारापर्यंत गेली आणि तीनदा परत बसली, तेव्हा कुठे कुसुंबी रंगाची, मोरांच्या पदराची पैठणी ठरली. परत निघताना मंजुषाला पुढच्या सीटवर बसवलं, कारण तिला गाडी लागायची. गोळी खाल्लेली, ती बसल्या बसल्या झोपली. मधल्या सीटवर नवसाबाई, लहानू आणि त्याची बायको मैना. थंडी म्हणून काचा बंद. विंचूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि भारतने वेग घेतला.

वेग वाढला तसा मागे लहानूचा आवाज चढला. सवयच ती.

"आई, ते कुंदनचं मिटवलं बरं का मी!"

भारतला आधी वाटलं, आपल्यालाच सांगतोय. तो "काय?" म्हणणार, तेवढ्यात मैना म्हणाली, "अहो, हळू. भावजी ऐकतील."

"या भोंग्यात? आपलं आपल्याला ऐकू येत नाय, त्याला काय येतंय!"

भोंगा नव्हता. बंद करायला लावणारा लहानूच होता; काम झाल्याचं त्याला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. आणि इतकी वर्षं मधल्या सीटवर बसून जे कान तयार झाले, त्यांना वरचा आवाज गेल्याचा पत्ता नव्हता. मोट सुटली तरी बैल त्याच वाटेने मागे सरतो, त्यातली गत. तिघंही घसा ताणून बोलत होती आणि शब्द न् शब्द पुढे येत होता.

"मार्केटात भेटला व्हता," लहानू सांगत होता. "त्याला म्हणलं, आमचा भारत काय येत नाय. तुझ्या तोंडावर नाय म्हणायला लाजतो, म्हणून मी सांगतो. तर म्हणला, मंग मालेगावचा एक मिस्तरी हाय माझ्या बघण्यात. ठेवलाबी त्याला. खोल्यांसकट."

"बरं केलं," नवसाबाई म्हणाली. "हा गेल्यावर माल कोण वाहील? आन् आज गॅरेज म्हणल, उद्या वाटणी म्हणल. घर एकदा फुटलं की सांधत नाय."

"पण लगीन झाल्यावर तो इचारील ना," मैना म्हणाली.

"इचारू दे. म्हणू, आता बंगला बांधायचाय, त्येवढं होऊ दे. बंगला झाला की मंजीचं पयलं बाळंतपण. तो नाय म्हणायचा नाय. ल्हानपणापासून तसाच हाय माझा भारत. गोड बोललं की लगेच ऐकतो."

हे शेवटचं नवसाबाई कौतुकाने बोलली. तिच्या बोलण्यात डावपेचाचा लवलेश नव्हता; लेकराच्या गुणाबद्दल शेजारणीला सांगावं तसा सूर होता. भारतला तोच सुरीसारखा लागला. कुंदनचं ऐकून त्याला राग आला होता. रागाचं एक बरं असतं, माणूस ताठ होतो. आईचं ऐकून मात्र त्याचा तो ताठाही टिकला नाही. आपण सोशीक आहोत, समजूतदार आहोत, घरासाठी थांबलो आहोत, असं तो स्वतःला सांगत आला होता. इथे तर त्याला कधीच हेरून ठेवलं होतं, दाव्याची लांबी माहीत असलेल्या जनावरासारखं. आणि शुभांगीने तुळशीची कुंडी विकत आणून ठेवली होती. घरी गेल्यावर तिला काय सांगायचं?

निफाड आलं, गेलं. बोलावं की नाही, बोलून काय होणार, न बोलून काय उरणार, यात आणखी काही मैल सरले. मागे आता बंगल्याला गच्ची किती मोठी ठेवायची ते चाललं होतं. शेवटी तो बोलला, आणि नेहमीच्या साध्या आवाजात बोलला.

"आई, मला ऐकू येतंय."

आरशात त्याला लहानूचा उघडा राहिलेला जबडा दिसला. लहानूने हळूच मान वर करून टपाकडे पाहिलं, आणि मग त्याला उमगलं. मैनाने पदर तोंडाला लावला. आता आई काय म्हणते याची भारत वाट बघत राहिला. रडेल, शपथा घेईल, निदान लहानूवर ढकलेल, असं काहीतरी त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर त्याने भांडण काढलं असतं. भांडायची त्याची तयारी झाली होती.

नवसाबाईने मांडीवरचा पैठणीचा पुडा नीट केला.

"ऐकू आलं व्हय? बरं झालं बाबा," ती म्हणाली. "मला सांगवत नव्हतं. आता येगळं सांगायला नको."

भारतने गाडी कडेला घेतली. घाईने नाही, दिवा देऊन, नीट, पाटात घातल्यासारखी नव्हे. किल्ली तशीच ठेवून तो उतरला आणि उसाच्या फडाच्या कडेकडेने चालायला लागला. वारा झोंबत होता. काही ठरवून तो उतरला नव्हता. त्या गाडीत आणखी एक क्षण बसवेना, एवढंच त्याला कळत होतं. मागून लहानूने हाक मारली, मग मैनाने. तो चालत राहिला.

समोरच्या वळणावर एक बाभळ होती. तिच्याखाली तो थांबला, तर मागून येणाऱ्या एसटीने त्याला थांबलेला पाहून वेग कमी केला. नाशिकची गाडी. दार त्याच्या पुढ्यातच उघडलं. आत जागा होती, खिडकीजवळची सुद्धा. कंडक्टर वाकून म्हणाला, "चला, नाशिक, नाशिक! चढा लवकर."

त्याने दांडीला हात घातला. एक पाय वर ठेवला की झालं होतं. इंदिरानगर नसेना, कुठेही. कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाला पोचवायचं नव्हतं. तिकीट काढून गुपचूप बसायचं आणि दुसऱ्याने न्यायचं. त्याने मागे वळून पाहिलं. सुमोच्या पुढच्या काचेतून झोपलेल्या मंजुषाचं एका बाजूला कललेलं डोकं दिसत होतं. लहानू खाली उतरून ड्रायव्हरच्या दाराशी उभा होता, आत वाकून स्टेअरिंगकडे बघत, हात मात्र पाठीमागे बांधलेले. नवसाबाईने काच खाली केली होती. ती हाक मारत नव्हती, रागावली नव्हती. बाजारातून येणाऱ्या माणसाची वाट बघावी तशी ती त्याच्याकडे बघत बसली होती, येणारच या खात्रीने.

"अहो, येताय ना?" कंडक्टर म्हणाला. "का कुणाची वाट बघताय?"

भारतने दांडी सोडली.

"नाही," तो म्हणाला. "माझी गाडी आहे."